तारेवरचा निरोप

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. विजेच्या जाळ्यातले संदेशवहन या विषयावर मी बोलणार आहे म्हटल्यावर इंजिनिअरिंगला असलेला माझा धाकटा मुलगा माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. पण या विषयाशी माझे नाते त्याच्यापेक्षा जुने आहे. माझे अब्बा वीजखात्यात ऑपरेटर होते. तालुक्याच्या गावाबाहेर, ओढ्यापलीकडे १३२ केव्हीचे एक उपकेंद्र होते. तिथे त्यांची एकोणतीस वर्षे गेली. रात्रपाळी असली की त्यांचा डबा घेऊन मी सायकलवर जायचो. यार्डातला तो अखंड घूं घूं आवाज, पावसाळी हवेत तारांभोवतीची चर्रचर्र, आणि कंट्रोल रूममध्ये टेबलावर दोन काळे फोन.

दोन फोन का, हा माझा पहिला प्रश्न. अब्बा म्हणाले, हा डावीकडचा पोस्टाचा. आणि हा उजवीकडचा आपला. याला पोस्टाची तार लागत नाही, आपण ज्या तारेतून वीज पाठवतो त्याच तारेतून बोलतो.

मला ते खोटेच वाटले. एक लाख बत्तीस हजार व्होल्टच्या तारेतून माणूस कसा बोलेल? बोलणारा जळून नाही का जाणार? मग त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवले. लाईन यार्डात शिरते तिथे चिनीमातीच्या माळांना टांगलेले एक मोठे पिंप दिसत होते. त्याचे नाव वेव्ह ट्रॅप. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास हेलकावे खात येतो. बोलणे मात्र त्याच तारेवर लाखाच्या घरातल्या हेलकाव्यांवर स्वार करून पाठवतात. ते पिंप म्हणजे तारेचे वेटोळे. ते पन्नासवाल्याला आत सोडते आणि लाखवाल्याला दारातच अडवते. अडवलेले बोलणे शेजारच्या एका कपॅसिटरमधून खाली उतरते आणि टेबलावरच्या काळ्या फोनमध्ये येते. या पद्धतीला पॉवर लाईन कॅरियर म्हणतात. एकाच रस्त्याने बैलगाडी आणि सायकलस्वार निघावेत आणि वेशीवर पाटलाने दोघांना वेगळे करावे, तसे हे. आजही आपल्याकडच्या अनेक उपकेंद्रांत ही पिंपे टांगलेली दिसतील. एसटीतून जाताना बघा.

त्या फोनवर काय बोलत? आकडे. दर तासाला आकडे. अमुक लाईनवर किती अँपिअर, व्होल्टेज किती, फ्रिक्वेन्सी किती. पलीकडचा माणूस ते लिहून घ्यायचा आणि अशा शंभर ठिकाणच्या आकड्यांवरून कुठेतरी बसलेला तिसरा माणूस ठरवायचा, की कुठला जनित्रसंच वाढवायचा आणि कुठल्या गावाची लाईट घालवायची.

हे इतके आकडे कशाला, तर वीज हा माल असा आहे की तो जाळ्यात साठवून ठेवता येत नाही. या क्षणी जेवढी लागते तेवढीच या क्षणी तयार झाली पाहिजे. जास्त लागली तर सगळ्या जनित्रांची चाके किंचित जड होतात, हळू फिरू लागतात, आणि पन्नासचा आकडा एकोणपन्नास पूर्णांक काहीतरी होतो. कमी लागली तर चाके जोरात पळतात. म्हणून आमच्या अब्बांची नजर त्या एका काट्यावर असायची. ते म्हणत, तो काटा म्हणजे सगळ्या देशाची नाडी, आणि ती बघायला फोन करावा लागत नाही. आजही जाळ्यातला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा निरोप आहे. फक्त त्यावरून दुखणे आहे एवढे कळते, दुखतेय कुठे ते कळत नाही. त्यासाठी बाकीचा सगळा पसारा.

मधल्या काळात हा पसारा फार बदलला. लाईनच्या उंच मनोऱ्यांवर सगळ्यात वर एक बारीक तार असते. तिच्यातून वीज वाहत नाही. आकाशातली वीज पडली तर ती झेलून जमिनीत उतरवायची, एवढेच तिचे काम. कुणाच्या तरी डोक्यात आले, की ही तार पोकळ करून तिच्या पोटात काचेचे केसासारखे तंतू घातले तर? आज हजारो किलोमीटर लाईनींवर अशी तार आहे. तिच्या पोटातल्या काचेतून प्रकाशाचे ठिपके पळतात, आणि प्रकाशाला शेजारच्या चार लाख व्होल्टचे काही सोयरसुतक नसते. काळ्या फोनवर पाऊसपाण्याची जी खरखर यायची, ती इथे नाही. उपकेंद्रात एक पेटी आकडे गोळा करते आणि दर काही सेकंदांनी वर पाठवते. ऐरोलीला आपल्या राज्याचे भार प्रेषण केंद्र आहे, पश्चिम विभागाचे मुंबईला आहे, देशाचे दिल्लीला. तिथल्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या लाईनी दिसतात. तासाला एकदा फोन करून आकडे सांगण्याची गरज उरली नाही.

उपकेंद्राच्या आतही असेच झाले. पूर्वी यार्डातल्या प्रत्येक ब्रेकरपासून कंट्रोल रूमपर्यंत जमिनीतल्या चरांतून तांब्याच्या वायरी यायच्या. शेकडो. एकेका निरोपाला एकेक वायर. आता यंत्रे एकमेकांशी संगणकासारखी जाळ्यावरून बोलतात. त्यात पहिली अडचण भाषेची आली. दर कंपनीच्या रिलेची बोली वेगळी. एकाचे दुसऱ्याला कळेना, मध्ये दुभाषी ठेवावे लागत. मग २००३ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने एक प्रमाणभाषा ठरवून दिली. तिचे नाव रुक्ष आहे, आयईसी ६१८५०. माझ्यासारख्या घरात दखनी आणि वहीत मराठी वापरणाऱ्याला प्रमाणभाषेबद्दल थोडी अढी असते. पण इथे मी ती बाजूला ठेवतो. ब्रेकर उघडायचा की नाही यावर बोलीभाषांचे संमेलन भरवता येत नाही.

या भाषेतल्या तातडीच्या निरोपाला इंग्रजी आद्याक्षरांवरून गूस म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ हंस. मला मुलाने पहिल्यांदा सांगितले तेव्हा मराठीतले गूज ऐकू आले. पण आपले गूज कानात सांगायचे असते आणि हे गूस म्हणजे चक्क दवंडी आहे. बिघाड दिसला की रिले जाळ्यावर ओरडतो, ‘फुटला, फुटला!’ ज्याला गरज असेल त्याने ऐकावे. पोच मागत नाही, कारण पोच येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. हा निरोप तीन-चार मिलिसेकंदांत पोचायला हवा. आपल्या विजेचा एक हेलकावा वीस मिलिसेकंदांचा. म्हणजे हेलकावा पुरा व्हायच्या आत दवंडी पिटून झालेली असते. पोच मागत नाही म्हणून तो तेच पुन्हा ओरडतो. आधी घाईघाईने, मग जरा थांबून थांबून. आणि काहीच घडलेले नसतानाही ठरावीक वेळाने ‘सगळे ठीक, सगळे ठीक’ म्हणत राहतो, रात्रीच्या गुरख्यासारखा. गुरख्याची शिट्टी आली नाही की जसे आपण उठून बसतो, तसे ऐकणारी यंत्रे त्याचा आवाज थांबला की सावध होतात. अति महत्त्वाच्या ठिकाणी तर एकच निरोप एकाच वेळी दोन वेगळ्या जाळ्यांवरून धाडतात. जो आधी पोचेल तो घ्यायचा, मागून येणारा टाकून द्यायचा. गडावर खलिता पाठवताना दोन जासूद दोन वाटांनी सोडावेत, तसे.

हे सगळे मी कौतुकाने सांगतो आहे. पण निरोपाचे जाळे बिघडले म्हणजे काय होते, हेही सांगायला हवे. तीन गोष्टी सांगतो. तिन्ही गाजलेल्या आहेत.

पहिली अमेरिकेतली. १४ ऑगस्ट २००३. ओहायो राज्यातल्या एका वीजकंपनीच्या कंट्रोल रूममध्ये दुपारी दोन वाजून गेल्यावर धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली गोठली. गोठली, पण बंद पडल्याचे तिने कुणाला सांगितले नाही. पडदा शांत. शांत पडदा म्हणजे सगळे ठीक, असे समजून माणसे बसून राहिली. तिकडे उन्हाने आणि भाराने तापून लोंबलेल्या तारा झाडांना टेकून लाईनी एकामागून एक सुटत होत्या. शेजारच्या कंपन्यांतून फोन आले, ‘तुमच्याकडे काहीतरी होतंय’ असे. यांना ते पटेना, कारण पडद्यावर तर काही नव्हते. चार वाजून गेल्यावर अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. ती यंत्रणा ‘मी मेले’ एवढे ओरडली असती तरी माणसे खडबडून उठली असती. गुरख्याची शिट्टी का लागते ते इथे कळते.

पुढे चौकशी करणाऱ्यांना आणखी एक त्रास झाला. कुठली लाईन आधी गेली आणि कुठली नंतर, हे लावता येईना, कारण ठिकठिकाणच्या नोंदयंत्रांची घड्याळे जुळत नव्हती. मला हे वाचून आमच्या मोहल्ल्यातला रमजान आठवला. दोन मशिदींच्या घड्याळांत तीन मिनिटांचा फरक होता. सेहरीला एकीकडची बांग झाली, की अम्मीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहायचा, आणि दुसरीकडची अजून व्हायची असायची. पेला प्यावा की ठेवावा? शेवटी अब्बांनी दोन्हीकडच्या मुअज्जिनांना आकाशवाणीच्या वेळेला घड्याळ लावायला सांगितले. विजेच्या जाळ्यातही आता तेच करतात, फक्त आकाशवाणीच्या जागी आकाशातले उपग्रह आहेत. उपग्रहाच्या वेळेला बांधलेले एक मोजयंत्र आहे, फेझर मेजरमेंट युनिट. ते सेकंदाला पंचवीस किंवा पन्नास वेळा आपल्या ठिकाणची विजेची लय मोजते आणि प्रत्येक मोजणीवर वेळेचा शिक्का मारते. मग श्रीनगरची लय आणि सोलापूरची लय नेमक्या एकाच क्षणाची ताडून बघता येते. हे यंत्र अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८८ मध्ये प्रथम तयार झाले, आणि ते घडवणाऱ्या दोघांतले एक खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले अरुण फडके. दुसरे जेम्स थॉर्प. २००८ मध्ये दोघांना मिळून बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. हे नाव आपल्या शाळकरी मुलांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम घेतले.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. जुलै २०१२. पश्चिमेकडची वीज उत्तरेकडे मोठ्या प्रमाणावर जात होती. बीना-ग्वाल्हेर या लाईनवर भार फार चढला. ३० जुलैच्या पहाटे दोन वाजून तेहतीस मिनिटांनी ती लाईन सुटली आणि उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तीच लाईन, आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही विभाग गेले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. दिल्लीची मेट्रो थांबली, रेल्वे थांबल्या, झारखंडात खाण कामगार जमिनीखाली अडकले होते, त्यांना नंतर सुखरूप बाहेर काढले. आपल्याकडे महाराष्ट्रात दिवे चालू होते, म्हणून ते आपल्याला फारसे आठवत नाही.

चौकशी समितीच्या अहवालात दोन गोष्टी निघाल्या. एक अशी, की त्या लाईनवर बिघाड झालेलाच नव्हता. तिथल्या रिलेने जड भारालाच दूरचा बिघाड समजून लाईन तोडली. त्याला फक्त आपल्या दारातले व्होल्टेज आणि आपल्या दारातला प्रवाह दिसत होता. पलीकडच्या टोकाला काय चालले आहे हे त्याला कुणी सांगत नव्हते. दुसरी गोष्ट अधिक माणसांची आहे. प्रादेशिक केंद्राने राज्यांच्या केंद्रांना भार कमी करा असे सांगितले होते, आणि राज्यांनी ते पुरेसे केले नाही. निरोप वेळेवर गेला होता, नीट ऐकू आला होता, फक्त मानला गेला नव्हता. याच्यावर कुठली काचेची तार उपाय करणार?

पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच जाळे झाले. इतक्या मोठ्या जाळ्याची परीक्षा ५ एप्रिल २०२० ला झाली. करोनाच्या टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवण्याचे आवाहन होते. आपण दारात पणत्या घेऊन उभे होतो तेव्हा भार केंद्रातल्या माणसांच्या हाताला घाम सुटला असणार. बारा-चौदा हजार मेगावॉट मागणी उतरेल असा अंदाज होता. उतरली सुमारे एकतीस हजार. आणि परत चढली. पण आधीच सगळ्यांना सगळे सांगून झाले होते. जलविद्युत केंद्रांनी वेळ धरून पाण्याची वीज खाली आणली, वेळ धरून वर नेली, आणि काटा ४९.७० ते ५०.२६ च्या मध्येच राहिला. कुठल्याही गावाचा दिवा त्यामुळे विझला नाही. अब्बा असते तर त्यांनी त्या रात्री पणतीकडे न बघता काट्याकडेच बघितले असते.

तिसरी गोष्ट युक्रेनमधली, २३ डिसेंबर २०१५ ची. तिथे तीन वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांत कुणी परके महिनोन्महिने दबा धरून बसले होते. ईमेलला जोडून आलेल्या साध्या कागदातून ते शिरले होते. त्या दुपारी कंट्रोल रूममधल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला आणि एकेक ब्रेकर उघडू लागला. माऊस हातात, पण ताबा दुसऱ्याचा. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. तक्रारीच्या फोनवर खोट्या फोनांचा भडिमार केला, म्हणजे खऱ्यांना लागू नये. आणि जाताना उपकेंद्रांतले निरोप उलथापालथ करणारे जोडयंत्रही आतून पुसून टाकले, म्हणजे केंद्रातून काही दुरुस्त करता येऊ नये. मग त्या लोकांनी काय केले? गाड्या काढल्या, उपकेंद्रांवर गेले आणि हाताने ब्रेकर बसवले. काही तासांत वीज आली. जुन्या धाटणीची उपकेंद्रे होती, हाताने चालवता येत होती, आणि ती चालवता येणारी माणसे अजून नोकरीत होती.

हे शेवटचे वाक्य मी वाचले तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. त्याचे कारण आता सांगतो.

आमच्या उपकेंद्रातून ३३ केव्हीच्या दोन लाईनी निघायच्या, एक पिंपळीला, एक पिंपरीला. आमच्याकडची पिंपरी, पुण्याजवळची नव्हे. लाईनवर माणूस चढायचा असेल तर आधी लाईन क्लिअर घ्यावी लागते. म्हणजे ऑपरेटरने ती लाईन बंद करायची, तसे सांगायचे, नोंद करायची, आणि काम संपून माणूस उतरल्याचे कळेपर्यंत चालू करायची नाही. मी आठवीत असताना एका पावसाळी दुपारी पोस्टाच्या फोनवर निरोप आला. अब्बा पाळीवर होते. फोनवर खरखर होती. त्यांनी पिंपरी ऐकले. बोलणाऱ्याने पिंपळी म्हटले होते. किंवा उलट झाले असेल. बोलणाराच पिंपरी म्हणाला असेल, हे शेवटपर्यंत ठरले नाही. अब्बांनी पिंपरी बंद केली, ‘बंद केली’ म्हणून सांगितले, आणि तिकडे पिंपळीच्या लाईनवर नाना चढले.

नाना आमच्या गल्लीतले लाईनमन. चढल्यावर आधी डिस्चार्ज रॉड तारेला लावायचा असा नियम होता आणि आहे. त्या दिवशी रॉड गाडीबरोबर दुसऱ्या कामावर गेला होता. नाना वाचले. उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशी झाली. निरोपात गोंधळ झाला, असा शेरा पडला. शेरा बरोबरच होता. पण त्यानंतर अब्बा बदलले. फोनवरचे प्रत्येक वाक्य ते समोरच्याकडून परत म्हणवून घेऊ लागले. मग स्वतः म्हणून दाखवायचे आणि त्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय हात हलवायचे नाहीत. लाईनीच्या नावाबरोबर तिचा नंबर विचारायचे, चढणाऱ्याचे नाव विचारायचे, आणि ते नाव रजिस्टरात लाल शाईने लिहायचे. साहेबलोक वैतागायचे, फार वेळ लावतात म्हणून. घरीही तेच. अम्मीने सांगितलेले सामान आम्ही आणायला निघालो की दारातून हाक यायची, ‘फिर से बोल.’ आम्ही हसायचो. नानांनी पुढे उपकेंद्राच्या फाटकाशी चहाची टपरी टाकली. अब्बा पाळीला जाताना आणि येताना तिथे चहा घ्यायचे. दोघांत कधी फार बोलणे झालेले मी पाहिले नाही.

आता तुमच्या लक्षात येईल, यंत्रांचे ते पुन्हा पुन्हा ओरडणे, दोन वाटांनी निरोप धाडणे, घड्याळे जुळवणे हे मला परके का वाटत नाही. मुलगा सांगतो, आता फीडर आपले आपण बरे होतात. कुठे बिघाड झाला की यंत्रेच तो तुकडा शोधतात, तोडतात आणि बाकीच्या गावांना दुसऱ्या बाजूने वीज देतात, मिनिटाच्या आत. घरोघरचे मीटरही आता बोलू लागले आहेत. शेजारच्या मीटरच्या कानात सांगून, त्याने पुढच्याच्या कानात सांगून, निरोप वर जातो. काही मीटरांत तर अशी सोय असते, की वीज गेली की उरलेल्या चिमूटभर साठ्यावर ते एकच शेवटचा निरोप धाडतात, ‘इथली गेली’, आणि गप्प होतात. याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ अखेरचा श्वास. एखाद्या कवीला सुचायला हवे होते ते.

या मीटरांवरून २०२४ मध्ये आपल्याकडे बराच वाद झाला. तो मुख्यतः बिलाचा होता. मला बिलाइतकीच आणखी एक गोष्ट खुपते. हे मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर नोंदतात. आमच्या घरात रमजानात पहाटे चारला दिवा लागतो. शेजारच्या जोशीकाकूंकडे काकडआरतीच्या महिन्यात लागतो. कुणाकडे रात्रभर लागतो, कारण घरात आजारी माणूस आहे. हे सगळे मीटरला कळते. वीज नीट मिळावी म्हणून कळत असेल तर माझी तक्रार नाही. पण ते पुढे कुणाकुणाला कळते आणि किती दिवस लक्षात ठेवले जाते, हे बिलाच्या मागच्या बाजूला छापायला हवे.

आणि खुपणारी दुसरी गोष्ट खांबावरची आहे. लाईन दुसऱ्या बाजूने आपोआप चालू करणाऱ्या यंत्राला खांबावर माणूस आहे हे कोण सांगणार? आता लोकांच्या छपरांवर सौर पाट्या आहेत, दुकानांत जनरेटर आहेत. नियम आणि अडसर सगळ्यांना आहेत, पण नीट बसवले नसतील तर मागच्या दाराने वीज येऊ शकते. खाली काम करणारी पोरे पुष्कळ ठिकाणी कंत्राटी. लाईन क्लिअर मोबाईलवर. ‘बंद केली’ एवढाच शब्द आणि अंगठ्याचे चित्र, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तीन मिलिसेकंदांत दवंडी पिटणाऱ्या उपकेंद्राच्या भिंतीबाहेर, दोन किलोमीटरवर, माणसाच्या जिवाचा निरोप अंगठ्यावर चाललेला असतो. मला याची चीड येते. यंत्रांनी एकमेकांशी जेवढ्या काटेकोरपणे बोलावे असे आपण ठरवले, तेवढ्याच काटेकोरपणे खांबावरच्या माणसाशी बोलावे, एवढेच माझे मागणे आहे. रॉड गाडीत असावा, हे तर मागणेही नव्हे.

मागच्या वर्षी मुलाच्या ओळखीने एका नियंत्रण केंद्रात गेलो होतो. तिथून आजूबाजूची बरीच उपकेंद्रे चालवतात, त्यांतल्या काहींत रात्री माणूस नसतो. पाळीवर एक तरुण मुलगी होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने पडदा दाखवला, लाईनी दाखवल्या. मी विचारले, ‘बाई, यात माणूस कुठे दिसतो?’ तिला आधी कळले नाही. मग तिने एका ब्रेकरपाशी असलेली पिवळी खूण दाखवली. म्हणाली, ‘काका, ही खूण आहे तोवर हा ब्रेकर इथून कुणालाच चालू करता येत नाही. मलाही नाही आणि संगणकालाही नाही. तिकडे लाईनवर माणूस आहे.’

‘आणि खूण काढायची कधी?’

‘तो उतरला की फोन करतो. नाव सांगतो, लाईनीचा नंबर सांगतो.’ मग जरा लाजून म्हणाली, ‘मी दोनदा म्हणवून घेते. इथले लोक हसतात मला.’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने आम्हाला हातानेच थांबा म्हटले आणि पेन उघडले.